श्वास मोजणारे सर

सर कुणाच्याही समोर उभे राहून बोलत नसत. बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहत आणि नजर तुमच्या चेहऱ्यावर नाही, तर गळ्याजवळच्या हाडावर ठेवत. नव्या माणसाला वाटे, आपल्या खांद्यावर काहीतरी पडलंय. तो खांदा झटके. बीदरच्या नर्सिंग कॉलेजात पहिल्या दिवशी मीही झटकला होता. त्यावर सर म्हणाले, "बावीस. भ्यालीस का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या मुलीच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

बावीस म्हणजे मिनिटाला बावीस श्वास. हे आम्हाला आठवडाभराने कळलं.

ते आम्हाला शरीरक्रियाशास्त्र शिकवत. मूळचे आळंद तालुक्यातल्या खजुरीचे, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्या. मी औरादची. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि परीक्षेला इंग्रजी, असं माझं आधीच तिन्हीकडून ओढाताणीचं चाललेलं. सरांच्या तासाला त्याची एक वाटणी झाली होती. व्याख्या इंग्रजीत, रागावणं कन्नडमध्ये आणि समजावून सांगणं मराठीत. ज्यांना मराठी येत नव्हती त्यांनीही वर्षभरात ती उचलली, कारण समजायचं असेल तर दुसरा इलाज नव्हता.

बाजूला उभं राहण्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. "नाडी तुम्ही सांगून मोजा, ती काय बदलत न्हाई. श्वास तसा न्हाई. तो आपोआप बी चालतोय अन् सांगितलं तर ऐकतोय बी. माणसाला कळलं की कोणी मोजायलंय, की तो नीट श्वास घ्यायला लागतोय, फोटो काढताना बसतोय तसा. म्हणून लपून मोजायचं." मग मनगट धरून अर्धं मिनिट नाडी मोजायची आणि मनगट न सोडता पुढचं अर्धं मिनिट छाती बघायची, ही युक्ती त्यांनी शिकवली. ती सगळीकडेच शिकवतात. पण सर ती कुठेही वापरत. बसमध्ये कंडक्टरचं मनगट, पानपट्टीवाल्याचं, प्राचार्यांचं. एका विद्यार्थिनीच्या लग्नात त्यांनी वरबापाचा हात हातात घेतला. वरबापाला वाटलं, काहीतरी जवळिकीचं बोलणार आहेत. मिनिटभर दोघंही तसेच उभे. मग सर म्हणाले, "अठ्ठावीस. बसा जरा." वरबाप बसले. त्यांच्या घरच्या माणसांना ते आवडलं नाही.

पहिल्याच तासाला त्यांनी एक बाटली आणली होती. पानपट्टीवरून चुना आणून पाण्यात कालवायचा, रात्रभर ठेवायचा आणि वरची स्वच्छ निवळी ओतून घ्यायची. ती निवळी पेल्यात घालून त्यांनी आम्हाला नळीने तिच्यात फुंकायला लावलं. बघता बघता पाणी ताकासारखं पांढरं झालं.

"हे तुमच्यातून निघालं," सर म्हणाले. "कार्बन डायऑक्साइड. हे निघालंच न्हाई तर काय हुईल?"

एक मुलगी म्हणाली, "ऑक्सिजन कमी पडून माणूस मरंल, सर."

"ऑक्सिजनचं नाव कोणी काढलं?" सर एकदम कन्नडमध्ये गेले. मग शांत होऊन त्यांनी फळ्यावर डोकं आणि मान काढली. मेंदूच्या बुडाशी एक ठिपका, मानेत दोन्ही बाजूंना एकेक.

"हा वरचा थोरला अण्णा. ह्याचं काम एकच, रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठला ते बघायचं. जरा वाढला की हा श्वास वाढवतोय, कमी झाला की हळू करतोय. ऑक्सिजन किती हाय हे ह्याला विचारू नका, ते त्याचं काम न्हाई. ते बघायला मानेत हे धाकटे बसलेत. पण धाकटे लई उशिरा उठतेत. ऑक्सिजन पार खाली गेल्याबिगर त्यांना जाग येत न्हाई. आत्ता तुमी इथं बसून जो श्वास घ्यायलाव, तो थोरल्याच्या सांगण्यावरनं."

मग त्यांनी आम्हाला श्वास रोखायला लावला. वर्गात सगळ्यांत जास्त दम माझ्या शेजारच्या मुलीचा निघाला. तिला त्यांनी पुन्हा बसवलं, पंधरा-वीस वेळा भराभर खोल श्वास घ्यायला लावले आणि मग रोखायला सांगितलं. या वेळी ती जवळजवळ दुप्पट वेळ टिकली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कामून वाजवायलाव? हिच्यात हवा काय जास्त मावली न्हाई. हिनं कार्बन डायऑक्साइड धुऊन काढला, म्हणून थोरला गप बसला. तिकडं ऑक्सिजन संपतच होता. हे खुर्चीवर बसून करायचं. विहिरीत उडी मारायच्या आधी कोणी असा दम भरला तर पाण्याखाली त्याला कळणारच न्हाई की वर यायचंय. तिथंच शुद्ध जाईल." मग त्यांनी प्रत्येकीला उभं करून हे वाक्य म्हणायला लावलं. सत्तावीस मुलींनी ते म्हटलं.

आमच्यात एक बोलवा होती की सरांचा धाकटा भाऊ असाच विहिरीत गेला. मी एकदा अक्कांना विचारलं. अक्का म्हणजे सरांची बायको, कन्नड शाळेत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "काय की बाई. आमच्या घरात तर कोणी बुडालं न्हाई. त्यांचा भाऊ सोलापुरात हाय, चांगला जाड झालाय. पुस्तकात वाचलं असंल यांनी."

बीदरच्याच मैलूर भागात वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. बाहेरगावच्या आम्हा मुलींना अक्का रविवारी जेवायला बोलवत. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. सर घास बत्तीस-बत्तीस वेळा चावत. गिळताना श्वास थांबतो, घाई केली की घास वाट चुकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमची ताटं धुऊन झाली तरी त्यांचं जेवण चाललेलं असे. अक्का म्हणत, "यांच्याशी भांडताच येत न्हाई. मी चिडून बोलायले, की हे म्हणतेत, चोवीस."

दुसऱ्या वर्षापासून आमची वॉर्डात ड्यूटी लागली आणि सरांचा खरा त्रास सुरू झाला. नर्सिंग जगतातलं एक उघड गुपित आहे. तापमान, नाडी, रक्तदाब आम्ही मोजतो, आणि श्वासाच्या रकान्यात अठरा लिहितो. मोजायला पूर्ण मिनिट लागतं आणि तेवढं मिनिट कुणाकडे नसतं. सर वॉर्डात आले की तक्ते काढत. "वा. हा निमोनियावाला अठरा. हा पाय मोडलेला अठरा. हा कालपासून मरायला टेकलाय, हा बी अठरा. सगळ्यांनी मिळून ठरवून घ्यायलेत का?" मग ते स्वतः खाटेखाटेशी जाऊन मोजत, लाल शाईने दुरुस्त करत, आणि खोटा आकडा लिहिणारीला त्या महिन्यात प्रात्यक्षिकाला शून्य देत. चुकीच्या उत्तराला ते कधी शून्य देत नसत. न मोजता लिहिलेल्याला मात्र देत, आणि कुणीही येऊन रडलं तरी तो शून्य हलत नसे.

शिकून झाल्यावर मला त्याच संस्थेच्या रुग्णालयात नोकरी लागली. पहिलं वर्ष उमेदवारीचं होतं. सर आता नव्या मुलींना घेऊन वॉर्डात येत, जाता जाता मला "सोळा" किंवा "वीस" म्हणत. तोच आमचा नमस्कार.

त्या वर्षी आमच्याकडे एक आजोबा दाखल झाले. चाळीस वर्षं फुटाण्याची भट्टी चालवलेली, त्यात बिडी. छाती पिंपासारखी फुगलेली, ओठ निळसर. डॉक्टरांनी नाकातल्या नळीने दोन लिटर ऑक्सिजन लिहून दिला होता. दुपारी आजोबा उठून बसले आणि धापा टाकू लागले. त्यांचा मुलगा माझ्या मागे लागला. "सिस्टर, मशीनवर ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी दिसायलंय. बाजूच्या माणसाचं सत्त्याण्णव हाय. आमच्या माणसाला कमी कामून देताव? वाढवा की." डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर होते. मुलगा आवाज चढवायला लागला होता, इतर खाटांवरची माणसं बघत होती. मी मास्क लावला आणि ऑक्सिजनची चक्री आठ लिटरवर नेली.

आकडा चढला. सत्त्याण्णव झाला, अठ्ठ्याण्णव झाला. धाप कमी झाली. तासाभरात आजोबांना झोप लागली. मुलगा माझ्यापाशी येऊन हात जोडून म्हणाला, "चार दिवसांनी झोपलेत, सिस्टर." मला बरं वाटलं. मी तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात अठरा लिहिलं.

सर मुलींना घेऊन आले ते त्या खाटेपाशी थांबले. आजोबांचं मनगट धरलं. मिनिटभर उभे राहिले. मग दुसरा हात आजोबांच्या तळव्यावर ठेवला, गालावर ठेवला. "आजोबा," त्यांनी हाक मारली. जोरात मारली. आजोबांनी डोळे उघडले नाहीत.

"आठ," सर म्हणाले. मला वाटलं, ऑक्सिजनबद्दल म्हणताहेत. ते श्वासाबद्दल म्हणत होते.

त्यांनी मास्क काढला, नळी लावली आणि चक्री फिरवून एकवर आणली. मुलगा धावत आला. "अहो, काय करायलाव तुमी? माणसाची हवा बंद करायलाव?"

"हवा न्हाई ही, औषध हाय," सर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "जास्त झालंय." मग माझ्याकडे वळून, "डॉक्टरांना बोलाव. मनगटातलं रक्त घ्यायला सांग, मशीनवर लावायला. पळ."

मी पळाले. परत आले तेव्हा मुलाने सरांची कॉलर धरली होती आणि सर तशाही अवस्थेत आजोबांच्या खांद्याला हलवून "श्वास घ्या, आजोबा, श्वास घ्या" म्हणत होते. नव्या मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. रक्ताचा अहवाल आला. कार्बन डायऑक्साइड असायला हवा त्याच्या दुपटीच्या पुढे गेला होता. आजोबांना झोप लागली नव्हती, ते त्या वायूने गुंगले होते. दाबाने हवा देणारा मास्क लावून त्यांना अतिदक्षता विभागात नेलं. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं आणि नवव्या दिवशी ते चालत घरी गेले.

सर नंतर मला समजावून सांगत होते. "अशा माणसाचा थोरला वर्षानुवर्षं तेच बघून बधिर झालेला असतोय. धाकट्याच्या जोरावर तो श्वास घेत असतोय. तू ऑक्सिजन भरलास, धाकटा बी झोपला. अजून दोन कारणं हायत, पण हे एक लक्षात ठेव. ह्या माणसाला अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव बास." मी ऐकत होते की नव्हते, आठवत नाही.

मुलाने तक्रार केली, की शिकवणाऱ्या माणसाने उपचारात ढवळाढवळ केली. चौकशी बसली. तीन माणसं टेबलापलीकडे, आम्ही दोघं अलीकडे. त्यांनी सरांना विचारलं, काय झालं.

सर म्हणाले, "सकाळी दोन लिटर होतं. दुपारी ह्या मुलीनं आठ केलं. नातेवाईक मागं लागला म्हणून केलं. डॉक्टरांना विचारायला पाहिजे होतं, विचारलं न्हाई. तक्त्यावर श्वास अठरा लिहिलाय, तो मोजलेला न्हाई."

"आणि तुम्ही कुणाला विचारून कमी केलंत?"

"कोणाला न्हाई. मी बी विचारायला पाहिजे होतं."

सरांचं वॉर्डात येणं बंद झालं, फक्त वर्गात शिकवायचं. मला लेखी ताकीद मिळाली आणि उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणाले, "सर, माझं नाव घ्यायला नको होतं तुम्ही."

ते चमकले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे समोरून बघितलं. "आठ तूच केलंस ना?"

"व्हय."

"मग?"

त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. मी काहीतरी बोलले असते तर कदाचित कळलं असतं. वर्षभरात मला कलबुर्गीला नोकरी मिळाली आणि मी बीदर सोडलं. लग्न झालं, सरांना पत्रिका पाठवली नाही. अक्कांचा दोनदा फोन आला, मी कामात असल्याचं सांगितलं. अशी सहा-सात वर्षं गेली. त्या काळात मी कुठल्याही तक्त्यावर न मोजता अठरा लिहिलं नाही, पण हे सरांना कळवावं असंही मला वाटलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी कोविड वॉर्डात होते. दहा दिवस ड्यूटी, मग हॉटेलच्या खोलीत वेगळं राहायचं, पुन्हा ड्यूटी. औरादला आई आणि अप्पा दोघंच. अप्पांचं बाजारात बियाण्याचं दुकान. त्यांना ताप आला. पाचव्या दिवशी फोनवर मी विचारलं, दम लागतोय का, तर म्हणाले, "छे, मस्त हाय मी. तू तुझं बघ." पण बोलताना मधेच ते थांबत होते. मी त्यांना एका श्वासात आकडे मोजायला सांगितलं. ते अकरापर्यंत गेले आणि रागावून म्हणाले, "काय पोरखेळ लावलास?"

मला निघता येत नव्हतं, औरादमध्ये कुणी दारात यायला तयार नव्हतं. मी अर्धा तास फोन हातात धरून बसले आणि मग सरांना लावला. नंबर तोच होता. मी नाव सांगितलं. त्यांनी "किती दिवस झाले?" असं विचारलं. मला वाटलं, आमच्या अबोल्याबद्दल. मी अडखळले. ते म्हणाले, "तापाला."

"पाच."

"दम लागत न्हाई म्हणतेत?"

"व्हय सर."

"निघालो."

सर निवृत्त झाले होते. त्या दिवसांत बोटाला लावायचं यंत्र घेऊन ते मैलूरमध्ये घरोघर फिरत होते हे मला नंतर कळलं. दम लागत नाही असं सांगणारी माणसं ते शोधत होते. दम लागणारी माणसं आपण होऊन दवाखान्यात जात होती. ही जात नव्हती आणि घरात मरत होती.

पुढचं आईने सांगितलेलं. सर स्कूटरवर तासाभरात औरादला पोचले. तोंडावर दोन मास्क. अप्पा ओसरीवर बसून सोयाबीनच्या बियाण्यावर बोलत होते, मोठ्या आवाजात. सरांनी बोटाला यंत्र लावलं. चौऱ्याहत्तर.

"चला," सर म्हणाले.

"कुठं? मला काय झालंय? दम लागला की जाऊ."

"तुमचा कार्बन डायऑक्साइड नीट निघून जायलाय, म्हणून दम लागंना. ऑक्सिजन मात्र आत जाईना. दम लागंल तवा उशीर झालेला असंल. मिनिटाला चौतीस श्वास घ्यायलाव तुमी, कळतंय का?"

"तुमचं मशीन बिघडलंय."

सरांनी यंत्र आईच्या बोटाला लावलं आणि अप्पांना दाखवलं. सत्त्याण्णव. स्वतःच्या बोटाला लावलं. शहाण्णव. पुन्हा अप्पांच्या बोटाला. त्र्याहत्तर. दुसरं बोट. त्र्याहत्तर. दुकानदार माणूस. आयुष्यभर गिऱ्हाइकाला शंका आली की काटा रिकामा करून पुन्हा तोलून दाखवलेलं. अप्पांनी एकदा आईकडे बघितलं आणि म्हणाले, "शर्ट दे माझा."

शेजाऱ्याची जीप मिळाली. बीदरपर्यंत सर अप्पांच्या शेजारी बसले होते, काचा उघड्या ठेवून. दवाखान्याच्या दारात तीन तास उभं राहून त्यांनी खाट मिळवली. यंत्र आईजवळ ठेवून गेले, रोज दोनदा लावायला सांगून. अप्पा सोळा दिवसांनी घरी आले. अजून दुकानात बसतात.

अप्पांना दाखल केल्याच्या आठव्या दिवशी अक्कांचा फोन आला. "यांना ताप हाय. तीन दिवस झाले. तुला सांगू नको म्हणायलेत." मी सरांना फोन द्यायला सांगितलं.

"दम लागत न्हाई," सर म्हणाले. तीन शब्द, आणि थांबले. मग, "असं पेशंट म्हणाला. तर तू. काय समजायचं?"

"निघायचं समजायचं, सर."

"हूं. गाडी बघ."

संसर्ग त्यांना कुठून झाला ते कळायला मार्ग नव्हता. ते दिवसाला वीस घरं फिरत होते. जीपमधल्या त्या तासाचा विचार मी केला नाही असं मात्र नाही.

बीदरमध्ये खाट मिळाली नाही, म्हणून ते कलबुर्गीला, माझ्याच वॉर्डात आले. अक्का बाहेर, एका नातेवाइकाकडे. माझा चेहरा मास्क आणि काचेआड होता. सरांनी बाजूने बघून मला ओळखलं की नाही माहीत नाही, पण म्हणाले, "चोवीस. दमलीस."

पहिले दोन दिवस बरे गेले. पालथे झोपत, सांगितलेलं सगळं करत. तिसऱ्या दिवसापासून उतरण लागली. अक्का रोज फोनवर मला एकच सांगत, "त्यांना आकडा सांगू नकोस बाई. ते आकड्यावर जगणारे हायत. आकडा ऐकला की हात सोडतील." मी बरं म्हणत होते.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी ठरवलं, संध्याकाळी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा. मी सरांच्या खाटेशी गेले. मास्कमुळे त्यांना चष्मा लावता येत नव्हता, डोक्यावरचा पडदा दिसत नव्हता. त्यांनी खुणेने विचारलं, किती.

पूर्ण ऑक्सिजन चालू होता आणि पडद्यावर शहात्तर होतं.

"शहात्तर, सर."

"श्वास?"

मी मनगट धरलं नाही. समोर उभं राहून, त्यांना दिसेल अशी, मिनिटभर मोजले. "बेचाळीस."

त्यांनी मान हलवली. मग मास्कच्या आतून म्हणाले, "मोजलंस."

माझी पाळी संपली होती, मी बाहेर पडले. तासाभराने दुसऱ्या सिस्टरने त्यांना अक्कांशी व्हिडिओवर बोलायला दिलं आणि मग नळी घातली. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत. चौथ्या दिवशी गेले.

मैलूरला मी दीड महिन्याने गेले. अक्का गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. मी खाली बसून एकेक मिरची पसरायला लागले.

"तू सांगितलंस ना त्यांना?" अक्कांनी विचारलं.

"व्हय."

"मी नको म्हणाले होते."

"त्यांनी विचारलं, अक्का."

अक्कांनी पदराला हात पुसले. माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "मला बी विचारलं. त्या दिवशी फोनवर. बोलणं तर होईना, मग फोन फिरवला त्या टीव्हीकडं अन् म्हणाले, वाच, मला दिसंना. मी बघितलं. सत्तर होतं बाई. खाली लाल लाल हालायलं होतं काहीतरी." त्यांनी एक मिरची सरळ केली. "मी अठ्ठ्याण्णव म्हणाले."

"मग सर काय म्हणाले?"

"फोन परत आपल्याकडं केला. हसले थोडं. म्हणाले, बरोबर हाय."

खालच्या रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली. अक्कांनी मूठभर मिरच्या घेतल्या आणि तशाच हातात धरून ठेवल्या.

"खरंच वाटलं असंल का गं त्यांना?"

मी व्हय म्हणाले.